घर क्रमांक सतरा

९ नोव्हेंबर, रविवार, दुपार

परममित्र, वनाधिपती, गिरिशिखरविहारी सेनापती यांस,
कृत्रिम दंतपंक्तींच्या या निर्मात्याचा सविनय नमस्कार. विनंती विशेष.

येथे सर्व क्षेम आहे. कार्यशाळेत काम भरपूर. गेल्या आठवड्यात अकरा कवळ्या सिद्ध झाल्या. त्यांतील नऊ आपापल्या मुखी विराजमान झाल्या, एक रंग जुळत नाही म्हणून परत आली, आणि एकीचे मालक दंतविरहित अवस्थेतच परगावी निघून गेले. हवा कोरडी आहे. माझा रक्तदाब माझ्या वयाला शोभेल इतका आहे. तुझा उजवा गुडघा कसा आहे? डावा असल्यास डावा. गेली दोन वर्षे ज्याच्या नावाने तू आपली वार्षिक वनयात्रा रद्द करत आलास, त्या अवयवाची चौकशी करणे हे माझे कर्तव्य आहे. ते मी आरंभीच पार पाडतो, कारण पुढे त्याची गरज उरणार नाही.

फोन न करता पत्र कशाला, असे तुला वाटेल. फोनवर मला विनोद सुचतात आणि ते तोंडातून निघून जातात. कागदावर निदान खोडता येतात. या पत्राचा हा चौथा खर्डा आहे, यावरून काय ते समज.

एक तारखेला, शनिवारी, मी पंचावन्न वर्षांचा झालो. तुझा शुभेच्छांचा निरोप पोचला. त्यातील केकचे चित्र सुबक होते. आमच्या कन्यारत्नाने मात्र चित्रावर न भागवता प्रत्यक्ष भेट दिली. संध्याकाळी येऊन तिने आज्ञा केली, "बाबा, उद्या सकाळी सहाला तयार राहा. बूट ते जुने घाला. कुठे ते विचारायचं नाही."

मी म्हणालो, "या वयात पित्याचे अपहरण करणे हा दखलपात्र गुन्हा आहे."

"तक्रार परत आल्यावर करा," ती म्हणाली. ती लोकांचे आखडलेले सांधे मोकळे करण्याचे काम करते, हे तू जाणतोसच. तिच्यापुढे कोणी फार काळ ताठ राहू शकत नाही.

सकाळी एका छोट्या बसमध्ये आम्ही चौदा जण होतो. पुढच्या आसनावर आमच्या मार्गदर्शिका. निवृत्त व्यायामशिक्षिका, गळ्यात शिट्टी, आवाज असा की शिट्टी निव्वळ अलंकार ठरावी. मी मनातल्या मनात त्यांचे नामकरण 'शिट्टीबाई' असे केले आणि दीड तास निद्राधीन झालो. जाग आली तेव्हा बस जुन्या लाकूडगिरणीच्या वळणावर थांबली होती.

आपल्या वळणावर, सेनापती.

कन्या माझ्या तोंडाकडे पाहत होती, भेटवस्तूचा कागद फाडताना लहान मुलाकडे पाहावे तशी. "तुम्ही आणि काका जाता ना, तेच गाव आहे ना हे? तुम्ही मला कधी नेलंच नाही. शेवटी मीच शोधून काढलं."

तिला ते नकाशातून, दैवी दृष्टान्तातून किंवा शास्त्रशुद्ध अनुमानातून सापडले असेल, असे मी अर्धा क्षण मानले. मग मला पहिल्या झाडाच्या बुंध्यावरचा पिवळा बाण दिसला.

बावीस वर्षांपूर्वी त्या गावात पहिल्यांदा शिरलो, तेव्हा शाळेच्या पायरीवर बसून आपण शपथ घेतली होती की हे स्थळ कोणालाही सांगायचे नाही. तुझ्या तोंडात तेव्हा बिस्कीट होते, हे मान्य. तरीही भरल्या तोंडाने घेतलेली शपथ ती शपथच. मी ती पाळली. पत्नीला सांगितले नाही, मुलीला सांगितले नाही. बायको चेष्टेने त्याला 'तुमचं ते दुसरं घर' म्हणायची, आणि मी ते ऐकून घ्यायचो.

आता तिथे दर वीस पावलांवर बाण आहे. फुटक्या खडकापाशी, जिथे आपण तीनदा चुकलो आणि केवळ चुकलो म्हणूनच ते गाव आपल्याला सापडले, तिथे फलक आहे: 'येथे चुकू नये.' मी त्या फलकासमोर काही काळ उभा राहिलो. एका वाक्यात इतका कृतघ्नपणा मी यापूर्वी वाचला नव्हता.

"बाण सरांनी स्वतः रंगवलेत," शिट्टीबाई तुझे नाव घेऊन कौतुकाने सांगत होत्या. "अजूनही येतात हो. परवा गुरुवारीसुद्धा आले होते. तीन तासांत वर जाऊन खाली! या वयात!"

कन्येचा चेहरा उजळला. "म्हणजे माझा तक्ता लागू पडला!" तुझ्या गुडघ्यासाठी तिने व्यायामाचा जो तक्ता रेखाटून दिला होता, तो. रंगीत पेन्सिलींनी. "काकांना फोन करून अभिनंदन करते."

"इथे रेंज नाही," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिले आणि फोन पिशवीत ठेवला. तिला वाटले असावे, मला दुःख झाले ते मित्र माझ्याविना हिंडतो याचे. झाले होतेही. इतपत दुःख मला परवडले असते. दोन कप चहा आणि तुला एक शेलकी शिवी, एवढ्यात त्याचा निकाल लागला असता.

जंगल तसेच आहे. शेवाळाचा वास, पायाखाली कुजक्या पानांचा दबता आवाज, वर पाखरांची अखंड वादावादी. विमा कंपनीतले एक गृहस्थ सतत घड्याळाकडे पाहून आपण किती पावले चाललो ते जाहीर करत होते. दहा हजार पूर्ण होताच त्यांनी स्वतःच टाळ्या वाजवल्या. एरवी या माणसावर आपण एक संपूर्ण दुपार काढली असती. मी सवयीने मान वळवली, तर शेजारी तू नव्हतास.

मग झाडी संपली आणि गाव आले. झरा आटला, नवा रस्ता पलीकडच्या खोऱ्यातून गेला, माणसे एकेक करून खाली उतरली, आणि सतरा घरे आहेत तिथेच उभी राहिली. कोणी मारले नाही, कोणी हाकलले नाही. नुसते एकेकाने दार ओढून घेतले. त्या गावाचे मला हेच आवडायचे. तिथे कोणाचा दोष नव्हता.

शिट्टीबाईंनी शिट्टी वाजवून आम्हांला गोळा केले आणि पिशवीतून एक पुस्तिका काढली. मुखपृष्ठावर तुझे नाव, नावाखाली 'इतिहास संशोधक'. औषधांच्या दुकानात तीस वर्षे डॉक्टरांचे हस्ताक्षर वाचलेल्या माणसाला ही पदवी शोभते, मी नाकारत नाही.

"कलम पहिलं," त्यांनी वाचले. "रिकाम्या घरातही दार वाजवल्याशिवाय शिरू नये. वाजवावे, दहा अंक मोजावेत, मग आत जावे. ही या गावाची जुनी रीत आहे."

ही या गावाची जुनी रीत नाही. ही माझी रीत आहे. निर्जनग्राम-आचारसंहिता, कलम पहिले. मी ती शाळेच्या ओट्यावर उभा राहून घोषित केली होती आणि तू हसून हसून खाली बसला होतास. पुढे वीस वर्षे आपण ती खरोखरच पाळली, हा भाग वेगळा.

मग एकेक घर. दोन दारांचे घर: अबोला धरलेल्या दोन भावांचे, दोन्हीकडे जेवून गलेलठ्ठ झालेल्या त्यांच्या मांजरासह. बुटक्या दाराचे घर: मालक उंचीने कमी, म्हणून पाहुण्यांनी वाकूनच आत यावे अशी त्याची तजवीज. खिडकी रस्त्यावर आलेले घर: पत्रे वाटण्यापूर्वी वाचून पाहणाऱ्या पोस्टमनचे. प्रत्येक थाप माझी, सेनापती. प्रत्येक मांजर माझे. बाकीची माणसे गंभीरपणे माना डोलावत होती.

विमावाल्यांनी विचारले, "हे सगळं खरं आहे का हो?"

"वीस वर्षांचं संशोधन आहे सरांचं," शिट्टीबाई म्हणाल्या.

मला हसू आले, आणि ते निर्मळ होते. माझ्या थापा छापल्या गेल्या, त्यांना अनुयायी मिळाले. कोणत्या थापाड्याला याहून अधिक काय हवे? त्या क्षणी मी तुला जवळजवळ क्षमा केली होती. बाण, फलक, गुडघा, सगळ्यासकट. कन्येच्या कानात म्हणालो, "ते मांजर मला व्यक्तिशः ओळखते." तीही हसली. तिचे हसणे तिच्या आईसारखे आहे, आधी खांदे हसतात. तो या सहलीतला शेवटचा बरा क्षण, म्हणून नोंदवून ठेवतो.

येथे मी दोन परिच्छेद लिहून खोडले आहेत. ते कवळीच्या साच्याविषयी होते आणि उत्तम होते. पण मी काय करतो आहे ते तुझ्या लक्षात आले असते. म्हणून सरळ सतराव्या घरी येतो.

पुस्तिकेतली कथा जशी ऐकली तशी देतो, म्हणजे मुद्रितशोधनास उपयोगी पडेल. या घरात गावातला सर्वांत विनोदी माणूस राहत असे. त्याची बायको आजारी पडली. शेवटच्या दिवशी ती त्याला म्हणाली, "बसा ना जरा." त्याला तिच्याकडे पाहवत नव्हते. झऱ्यावरून पाणी आणतो असे सांगून तो उठला, आणि दारातून नेहमीच्या थट्टेच्या सुरात म्हणाला, "मी येईपर्यंत कुठे जायचं नाही हं." भरल्या घागरी घेऊन परतला, तेव्हा ती गेली होती.

'कुठे जायचं नाही हं' या शब्दांवर शिट्टीबाई थांबल्या. पुस्तिकेतच तसे लिहिलेले असावे. लोक हसले. मग पुढचे वाक्य आले आणि लोक गप्प झाले. विराम अचूक होता. मी तीस वर्षे विनोद करतो आहे. कुठे थांबावे हे मला कळते, आणि तुलाही ते माझ्याकडूनच कळले आहे.

"इथे नेहमी असंच होतं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आधी हसतात, मग गप्प होतात."

ते घर होते रुग्णालयाचा तिसरा मजला, झरा होता तळमजल्यावरचे उपाहारगृह, आणि पाणी होता चहा. सात वर्षांपूर्वी, ती गेल्यानंतर दोन महिन्यांनी, तू मला ओढून त्या गावात नेलेस. मी प्रत्येक दार वाजवत सुटलो. सतराव्या दाराशी बसकण मारली, आणि आयुष्यात पहिल्यांदा कुठलाही अलंकार न लावता तुला ते सांगितले. तू एक शब्द बोलला नाहीस. माझ्या पाठीवर हात ठेवून बसलास, ऊन उतरेपर्यंत. त्या शांततेवर मी सात वर्षे जगलो आहे. तू तेव्हा ऐकत होतास असे मला वाटले. तू टिपून घेत होतास.

तुझे समर्थन मला पाठ आहे. नाव घातले नाही, गाव बदलले, घागरी घातल्या, कोणाला कळणार? हे मला पटलेही असते, जर मी त्याच दुपारी तुला आणखी एक गोष्ट सांगितली नसती. मी म्हणालो होतो, मुलीला मी वेगळे सांगितले आहे. ती परीक्षा सोडून संध्याकाळी धावत पोचली, पहिला प्रश्न तिने विचारला, आणि मी उत्तर दिले: आईचा हात माझ्या हातात होता. त्या वाक्याच्या आधारावर ती मुलगी उभी राहिली. तुला हे ठाऊक होते. आणि हेही ठाऊक होते की 'मी येईपर्यंत कुठे जायचं नाही हं' हे वाक्य मी वर्षानुवर्षे रोज सकाळी आमच्या उंबरठ्यावर म्हणत होतो, आणि मुलगी दप्तर भरता भरता 'पाय बांधून ठेवलेत' असे उत्तर देत होती. शब्द तेवढे बदलायचे होते, सेनापती. अख्खे गाव रंगवलेस, आणि तेवढे एक वाक्य बदलले नाहीस. का, ते मी सांगतो. ते बदलले असते तर लोक हसले नसते.

नंतर एक उपक्रम होता. प्रत्येकाने रांगेत येऊन ते दार वाजवायचे, 'आलो गं' म्हणायचे आणि दहा अंक मोजायचे. विमावाल्यांनी मोठ्या भावनेने वाजवले. एका बाईंनी डोळे पुसले आणि छायाचित्र काढून घेतले. मी पाचवा होतो.

मी दार वाजवले. 'आलो गं' म्हटले नाही. दहापर्यंत मोजले, कारण मागे माणसे होती आणि रांग मोडण्याचे धैर्य माझ्यात नाही.

माझ्यामागे कन्या होती. तिने दारावर तळहात ठेवला, वाजवले नाही, आणि बाजूला झाली. माझ्याकडे पाहिले. कितीतरी लोकांचे जबडे मी जवळून पाहिले आहेत, पण असे आवळलेले दात पाहिले नाहीत.

उतरताना आम्ही सगळ्यांच्या मागे होतो. फुटका खडक मागे पडला.

"बाबा."

"बोला, कन्यारत्न."

"तसं नका बोलू."

मी थांबलो.

"तिचा हात तुमच्या हातात होता ना?"

पंचावन्न वर्षांत माझे विनोदांचे कोठार कधी रिकामे पडले नव्हते. त्या दिवशी आत हात घातला तर काही लागले नाही. म्हणून मी खरे सांगायला लागलो. तिसरा मजला, दुपारची वेळ, ती म्हणाली बसा ना जरा, मला पाहवत नव्हते. बोलता बोलता माझेच मला ऐकू आले. मी शिट्टीबाईंसारखा बोलत होतो. त्याच क्रमाने, तेच शब्द, त्याच ठिकाणी थांबत. माझे आयुष्यातले सर्वांत खरे वाक्य, आणि मी ते तुझ्या पुस्तिकेतून म्हणून दाखवत होतो. दुसरे शब्द शोधले. नव्हते. तू सगळे वापरून टाकले होतेस.

तिने हात वर केला. "हे ऐकलंय मी. सकाळीच. त्या बाईंनी जास्त चांगलं सांगितलं." मग म्हणाली, "पुढचं सांगा. चहा कसा होता?"

हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. तूही नाही, त्या दुपारी तू इतका समंजसपणे गप्प बसला होतास की तुला तो सुचलाच नाही.

मी उत्तर दिले. तीन वाक्यांचे होते. ते मी तोवर कोणालाही सांगितले नव्हते, स्वतःलाही नीटसे नाही.

तिने ऐकून घेतले आणि पुढे चालू लागली. ओढ्यापाशी दगड निसरडे आहेत, तुला आठवत असेल. तिथे ती थांबली होती, माझ्याकडे पाठ करून, एक हात मागे पसरून. मी तो धरला. यातून क्षमेचा अर्थ काढू नये; दगड खरोखरच निसरडे होते. पलीकडे पोचल्यावर तिने तो सोडला. बसमध्ये ती खिडकीशी बसली, मी मध्ये. विमावाले चोवीस हजारांवर पोचले होते.

आज आठवा दिवस. तिचा फोन नाही. मी केला तर उचलते, 'जेवलात का' विचारते, आणि ठेवते. तिचे माझ्याशी काय व्हायचे ते तिचे आणि माझे आहे. ते खोटे माझे होते, शिक्षाही माझी. ती मी तुझ्या माथी मारणार नाही. पण ते खोटे कधी आणि कसे मोडायचे, तिला कुठल्या खोलीत, कोणत्या शब्दांत सांगायचे, एवढे तरी माझ्याकडे उरले होते. ते तू डझनभर अनोळखी माणसांसमोर, शिट्टी वाजवून केलेस.

आता मागणी. तुला भीती असेल की मी सतरावे घर पुस्तिकेतून वगळायला सांगेन. सांगत नाही. असू दे. लोक हसतात, मग गप्प होतात. चांगले आहे ते, मनापासून सांगतो. मांजरही ठेव. गुडघ्याविषयी खुलासा पाठवू नकोस. भेटायला येऊ नकोस. आलास तर मी विनोद करीन आणि तू हसशील आणि सगळे मिटल्यासारखे होईल, आणि ते मला नको आहे.

फक्त एवढे ध्यानात असू दे की त्या कथेला पुढचा भाग आहे. तुझ्याकडे आहे तो अर्धा. घागरी घेऊन परतण्यापूर्वी तो माणूस झऱ्यावर काय करत होता, हे आता जगात दोघांना ठाऊक आहे, आणि त्या दोघांत तू नाहीस. मी तुला ओळखतो. तू हे पत्र पुन्हा पुन्हा वाचशील, ती तीन वाक्ये शोधत. ती यात नाहीत. पहिल्या तीन खर्ड्यांत होती. ते जाळून मी हा चौथा लिहिला.

सांगावेसे वाटले होते. अजूनही वाटते आहे. बावीस वर्षे जे जे घडले ते आधी तुला सांगायचे, मगच ते घडले असे वाटायचे. ती सवय एका आठवड्यात जात नाही. परवा कार्यशाळेत एका म्हाताऱ्या गृहस्थांनी नवी कवळी बसवून पहिल्यांदा स्वतःचे नाव उच्चारले आणि ओळख पटेना म्हणून पुन्हा उच्चारले, तेव्हा माझा हात फोनकडे गेला होता. तो मी मागे घेतला. पुढच्या वेळी कदाचित जाणारही नाही.

कळले असेलच.

लोभ होता.

— दात बसवणारा